क्रम आणि सोबत : मुक्त ऑनलाइन अभ्यासक्रम, समाजमाध्यमे आणि बदलते शिक्षण

मुक्त ऑनलाइन अभ्यासक्रम म्हणजे पूर्वपात्रता, वय किंवा गाव यांची अट न घालता कोणालाही नाव नोंदवता येईल असा, ठरावीक आठवड्यांत बांधलेला अभ्यासक्रम. त्यात छोट्या ध्वनिचित्रफिती, वाचनसाहित्य, स्वाध्याय आणि चाचण्या एका क्रमाने येतात. शिकणे बहुधा फुकट असते, प्रमाणपत्र हवे असेल तर शुल्क भरावे लागते. समाजमाध्यमांचा जन्म मात्र शिक्षणासाठी झालेला नाही. यूट्यूब, व्हॉट्सॲप, टेलिग्राम, इन्स्टाग्राम ही करमणुकीची, गप्पांची आणि जाहिरातींची ठिकाणे. शिक्षकांनी आणि विद्यार्थ्यांनी ती शिकण्याच्या कामाला जुंपली. या दोन गोष्टींचा विचार सहसा वेगवेगळा होतो. पहिली शिक्षणशास्त्राच्या वाट्याला जाते, दुसरी समाजशास्त्रज्ञांच्या आणि धास्तावलेल्या पालकांच्या. शिकणाऱ्याच्या दिवसात असा भेद नसतो. अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाची विद्यार्थिनी ‘स्वयम’ या सरकारी व्यासपीठावर नाव नोंदवते, व्याख्यानात न उमगलेला भाग यूट्यूबवर हिंदीत किंवा मराठीत शोधते, स्वाध्यायाची शेवटची तारीख तिला वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कळते आणि जुन्या प्रश्नपत्रिका टेलिग्रामवर मिळतात. यांतला एकच धागा उचलून लिहिलेला ग्रंथ अर्धवट राहतो.

प्रस्तुत पुस्तकाचे सूत्र यातूनच निघते. मुक्त अभ्यासक्रमांनी घरबसल्या शिकण्याला क्रम दिला, पण शिकणाऱ्याला एकटे पाडले. समाजमाध्यमांनी सोबत दिली, पण क्रमाची पर्वा केली नाही. गेल्या पंधरा वर्षांत जे प्रयोग टिकले, त्यांतील बहुतेकांनी कुठल्या ना कुठल्या प्रकारे या दोहोंची सांगड घातलेली दिसते.

दूरशिक्षणाचा इतिहास इंटरनेटहून बराच जुना आहे. १८४० मध्ये आयझॅक पिटमन यांनी इंग्लंडमध्ये टपालाने लघुलेखन शिकवायला सुरुवात केली. विद्यार्थी दिलेला मजकूर लघुलिपीत लिहून पाठवत आणि तो तपासून त्यांच्याकडे परत जाई. धडा टपालाने जाणे हा त्यातला सोपा भाग होता. तपासलेला कागद परत येणे हा खरा भाग होता. लंडन विद्यापीठाने १८५८ पासून बाहेरून परीक्षा देण्याची सोय केली आणि शिकवणे व परीक्षा घेणे ही दोन कामे एकमेकांपासून पूर्णपणे सुटी झाली. १८५७ साली स्थापन झालेले मुंबई विद्यापीठ लंडनच्या त्याआधीच्या नमुन्यावर उभे राहिले: महाविद्यालयांनी शिकवायचे, विद्यापीठाने परीक्षा घ्यायची. ‘बाहेरून बसणे’ हा शब्दप्रयोग महाराष्ट्रात घरोघरी रुळला तो त्या पार्श्वभूमीवर. ऑनलाइन प्रमाणपत्राबद्दल आज विचारले जाणारे बरेच प्रश्न त्या काळी बहिःस्थ पदवीबद्दलही विचारता आले असते.

ब्रिटनच्या मुक्त विद्यापीठाला १९६९ मध्ये सनद मिळाली आणि १९७१ मध्ये पहिले विद्यार्थी शिकू लागले. त्याची ओळख बीबीसीवरच्या व्याख्यानांमुळे झाली, पण त्याचा कणा होता तो गावोगावचे मार्गदर्शक शिक्षक आणि उन्हाळी निवासी वर्ग यांचा. भारतात दिल्ली विद्यापीठाने १९६२ मध्ये पत्रद्वारा अभ्यासक्रम सुरू केले. १९८२ मध्ये हैदराबादला पहिले मुक्त विद्यापीठ आले, १९८५ मध्ये इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ आणि १९८९ मध्ये नाशिकला यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ. नाशिकच्या विद्यापीठाचे पहिले कुलगुरू राम ताकवले होते. ‘ज्ञानगंगा घरोघरी’ हे त्याचे ब्रीद, पण गंगा घरापर्यंत पोचायची ती तालुक्याच्या अभ्यासकेंद्रातून आणि रविवारच्या संपर्कसत्रातून. दूरचित्रवाणीचे प्रयोगही याच काळातले. १९७५-७६ मध्ये उपग्रहाद्वारे सहा राज्यांतील सुमारे २४०० खेड्यांत कार्यक्रम दाखवले गेले. १९८४ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाची ‘देशव्यापी वर्ग’ ही मालिका दूरदर्शनवर सुरू झाली आणि त्याच वर्षी पुण्यात ‘बालचित्रवाणी’ उभी राहिली. प्रत्येक नव्या माध्यमाच्या वेळी शिक्षकाची गरज संपणार, अशी भाकिते झाली आणि प्रत्येक वेळी केंद्रावरचा शिक्षक कमी पडला म्हणून प्रयोग रखडले.

इंटरनेटच्या काळातील पहिले मोठे पाऊल पडले ते अभ्यासक्रमाचे नव्हे, साहित्याचे. २००१ मध्ये एमआयटीने आपल्या विषयांची टिपणे, प्रश्नसंच आणि व्याख्याने जगासाठी खुली करण्याचे जाहीर केले. त्याच सुमारास क्रिएटिव्ह कॉमन्सचे परवाने आले, म्हणजे लेखकाने आपणहून वापराची मोकळीक देण्याची कायदेशीर सोय झाली, आणि २००२ मध्ये युनेस्कोच्या बैठकीत ‘मुक्त शैक्षणिक संसाधने’ ही संज्ञा रूढ झाली. भारतात आयआयटी आणि बंगळूरची भारतीय विज्ञान संस्था यांनी मिळून ‘एनपीटीईएल’ हा उपक्रम चालवला. त्याची तासतासभराची व्याख्याने यूट्यूबवर आली तेव्हा ती पाहणाऱ्यांत आयआयटीचे विद्यार्थी थोडे आणि लहान गावांतील अभियांत्रिकी महाविद्यालयांतील विद्यार्थी व अध्यापक फार, हे स्वाभाविकच होते. फळ्यासमोर एकच कॅमेरा आणि संपादन जवळजवळ नाही. तरीही ती पाहिली गेली, कारण तो विषय तितका नीट शिकवणारे माणूस जवळपास नव्हते.

मुक्त अभ्यासक्रमांचे दोन संप्रदाय मानले जातात आणि त्यांचे मूळ वेगळे आहे. पहिला कॅनडात सुरू झाला. २००८ मध्ये जॉर्ज सीमेन्स आणि स्टीफन डाउन्स यांनी मॅनिटोबा विद्यापीठात एक अभ्यासक्रम घेतला. शुल्क भरून पंचवीसेक विद्यार्थी बसले आणि त्यांच्याबरोबर सुमारे २२०० जण फुकट सामील झाले. याच प्रयोगासंबंधी डेव्ह कॉर्मिए यांनी ‘मूक’ (‘मॅसिव्ह ओपन ऑनलाइन कोर्स’ची आद्याक्षरे) हे नाव वापरले. ज्ञान पुस्तकात किंवा गुरूच्या डोक्यात साठलेले नसते, ते माणसामाणसांतील, लिखाणालिखाणांतील जोडण्यांमध्ये असते, अशी सीमेन्स आणि डाउन्स यांची धारणा होती. त्यामुळे विद्यार्थी एका ठिकाणी जमत नसत. जो तो आपापल्या जागी लिहीत असे आणि ते सारे धागे रोज एका पत्रकात एकत्र येत. या विचाराला पूर्वज आहेत. इव्हान इलिच यांनी १९७१ मध्ये शाळेला पर्याय म्हणून ‘शिकण्याची जाळी’ सुचवली होती. एकाच विषयात रस असलेल्या दोन अनोळखी माणसांची गाठ संगणकाने घालून द्यावी, असे त्यांनी तेव्हाच लिहून ठेवले. दिल्लीच्या कालकाजीत १९९९ मध्ये भिंतीत संगणक बसवून मुले आपली आपण काय शिकतात हे पाहणारा सुगत मित्रा यांचा प्रयोगही याच कुळातला, जरी त्यातून काढलेल्या निष्कर्षांवर शिक्षणतज्ज्ञांचे एकमत नाही.

दुसरा संप्रदाय गाजला तो कॅलिफोर्नियातून. २०११ च्या शरदात स्टॅनफर्डचे सेबास्टियन थ्रन आणि पीटर नॉर्विग यांनी कृत्रिम बुद्धिमत्तेचा आपला अभ्यासक्रम इंटरनेटवर खुला केला आणि सुमारे १ लाख ६० हजार लोकांनी नावे नोंदवली. वर्गातल्या २०० विद्यार्थ्यांपैकी समोर बसायला तीसेकच येऊ लागले, बाकीचे खोलीत बसून तीच चित्रफीत पाहत, असे थ्रन यांनी नंतर सांगितले. पुढच्या वर्षभरात थ्रन यांची ‘युडॅसिटी’, अँड्र्यू इंग आणि डॅफ्नी कोलर यांची ‘कोर्सेरा’ आणि एमआयटी-हार्वर्डची ‘एडएक्स’ उभी राहिली. एडएक्सचे तेव्हाचे प्रमुख अनंत अगरवाल हे मूळचे मंगळूरचे. त्यांचा विद्युतमंडलांचा अभ्यासक्रम दीड लाखांहून अधिक लोकांनी नोंदवला आणि ७१५७ जणांनी पूर्ण केला. या संप्रदायाची शिकवण परंपरागतच आहे: तज्ज्ञ सांगतो, विद्यार्थी ऐकतो, चाचणी तपासते. त्यामागे बेंजामिन ब्लूम यांचा विचार आहे. खाजगी शिकवणीने आणि प्रभुत्व येईपर्यंत पुन्हा पुन्हा सराव करून सामान्य विद्यार्थी कितीतरी वर जातो, असे ब्लूम यांनी १९८४ मध्ये मांडले होते. ते लाखोंना परवडेल कसे, हा प्रश्न त्यांनी खुला ठेवला होता. संगणक तो सोडवील, ही २०१२ ची आशा होती. त्या वर्षाला ‘न्यू यॉर्क टाइम्स’ने ‘मूकचे वर्ष’ म्हटले.

आशेला तडा गेला तो दुसऱ्याच वर्षी आणि ती घटना तपशिलात पाहण्याजोगी आहे. सान होजे राज्य विद्यापीठाने २०१३ च्या वसंत सत्रात युडॅसिटीबरोबर बीजगणित, संख्याशास्त्र आणि कच्च्या विद्यार्थ्यांसाठीचे गणित असे तीन विषय घेतले. शिकणाऱ्यांत गणितात आधीच नापास झालेले आणि शालेय वयाचेही होते. उत्तीर्णांचे प्रमाण समोरासमोरच्या वर्गापेक्षा बरेच खाली आले आणि प्रयोग थांबवण्यात आला. उन्हाळी तुकडीचे निकाल सुधारले, पण तीत निम्म्याहून अधिक जण आधीच पदवीधर होते. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या कोर्सेरावरील विद्यार्थ्यांच्या त्याच वर्षीच्या पाहणीतही ८० टक्क्यांहून अधिक लोक पदवीधर निघाले. ज्यांच्यासाठी दार उघडले ते बाहेरच राहिले आणि ज्यांना शिकायची सवय होती ते आत आले. २०१९ मध्ये जस्टिन राइश आणि होसे रुईपेरेस-वालियेन्ते यांनी एमआयटी व हार्वर्डच्या सहा वर्षांच्या नोंदी तपासल्या, तेव्हा नाव नोंदवणाऱ्यांपैकी ५२ टक्के लोक अभ्यासक्रमात एकदाही शिरलेले नव्हते आणि २०१७-१८ मध्ये तो पूर्ण करणारे ३ टक्क्यांच्या आसपास होते. फुकट नोंदणीला काहीच किंमत पडत नसल्याने हा आकडा जितका भयंकर दिसतो तितका नाही, हे मान्य करावे लागते. तरी पैसे भरून प्रमाणपत्राच्या वाटेला लागलेल्यांचे प्रमाण कितीतरी चांगले होते, याचा अर्थ लावावाच लागतो.

त्यानंतर अमेरिकेतील हा व्यवसाय पदव्यांकडे वळला. जॉर्जिया टेकने २०१४ मध्ये ७००० डॉलरच्या आत संगणकशास्त्राची पदव्युत्तर पदवी ऑनलाइन सुरू केली आणि ती टिकली, कारण तिच्यामागे खरे विद्यापीठ, खरे साहाय्यक अध्यापक आणि विद्यार्थ्यांनी स्वतः उभे केलेले गट होते. एडएक्स २०२१ मध्ये ८० कोटी डॉलरला एका कंपनीने विकत घेतले. ती कंपनी २०२४ मध्ये दिवाळखोरीच्या संरक्षणाखाली गेली. भारतात बायजूज या ऑनलाइन शिकवणी कंपनीची चढण आणि घसरण वाचकांना ठाऊक आहे.

भारतात सरकारने वेगळी वाट धरली. ‘स्वयम’ हे राष्ट्रीय व्यासपीठ ९ जुलै २०१७ रोजी सुरू झाले. त्यातील प्रत्येक अभ्यासक्रमाला चार अंगे असतात: व्याख्यान, वाचनसाहित्य, स्वमूल्यमापन आणि चर्चा. महत्त्वाची गोष्ट श्रेयांकांची. २०१६ च्या नियमांनी पदवीच्या श्रेयांकांपैकी २० टक्क्यांपर्यंत ऑनलाइन मिळवण्याची मुभा दिली, २०२१ मध्ये ती ४० टक्क्यांवर गेली आणि त्याच वर्षी श्रेयांक साठवणारी ‘अकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्स’ आली. एनपीटीईएलच्या प्रमाणपत्रासाठी साप्ताहिक स्वाध्यायांना २५ टक्के आणि केंद्रावर जाऊन दिलेल्या परीक्षेला ७५ टक्के भार असतो. महाविद्यालयांत ‘लोकल चॅप्टर’ असतात आणि तिथला एखादा प्राध्यापक मार्गदर्शक म्हणून मागे लागतो. या मागे लागण्याला कमी लेखण्यात अर्थ नाही. नाशिकच्या अभ्यासकेंद्राने जे केले तेच इथे दुसऱ्या नावाने होते.

भाषेच्या बाबतीत चित्र तितके उजळ नाही. उच्च शिक्षणाचे बहुतेक चांगले अभ्यासक्रम इंग्रजीत आहेत. मराठी उपशीर्षके यंत्राच्या भाषांतरातून येतात तेव्हा ती वाचण्यापेक्षा इंग्रजी ऐकणे बरे वाटते. अपवाद म्हणून आयआयटी मुंबईत कन्नन मौद्गल्य यांनी उभारलेल्या ‘स्पोकन ट्युटोरियल’चा उल्लेख करावा लागतो. साधारण दहा मिनिटांचा धडा, पडद्यावर सॉफ्टवेअर इंग्रजीतच, पण निवेदन मराठीसह अनेक भारतीय भाषांत. विद्यार्थ्याने अर्ध्या पडद्यावर पाहायचे आणि उरलेल्या अर्ध्यावर लगेच करून बघायचे. एडएक्सच्या लाखो प्रेक्षणसत्रांच्या अभ्यासात सहा मिनिटांपुढच्या चित्रफितींवरून लक्ष उडते असे २०१४ मध्ये दिसले. ‘स्पोकन ट्युटोरियल’ने त्याच्याही आधीपासून आटोपशीर धड्याची वाट धरली होती.

समाजमाध्यमांचा शिक्षणातील प्रवेश कोणी आखलेला नव्हता, म्हणून त्याचा इतिहास लिहिणेही अवघड आहे. सलमान खान यांनी २००४ मध्ये दुसऱ्या शहरातील नात्यातल्या बहिणीला फोनवरून गणित शिकवायला घेतले आणि २००६ मध्ये ते धडे यूट्यूबवर टाकले. त्यातून खान अकॅडमी झाली. अलख पांडे यांनी प्रयागराजहून यूट्यूबवर भौतिकशास्त्र शिकवले आणि पुढे त्याची मोठी कंपनी केली. मराठीत दहावी-बारावीचे विषय, पोलीस भरती आणि राज्यसेवेची तयारी यांसाठी असे अनेक शिक्षक आज आपापले चॅनेल चालवतात. त्यांच्या बोलण्यात वर्गातल्या भाषेचा ताठरपणा नसतो, विद्यार्थ्याला ‘बाळा’ किंवा ‘मित्रांनो’ म्हणतात, मध्येच विनोद करतात. पुण्यातल्या अभ्यासिकेत जागा घेणे न परवडणाऱ्या मुलाला ही मोठी सोय झाली. या शिक्षकांकडून होणारी चूक मात्र सुधारली जाण्याची काही व्यवस्था नसते. पुढची चित्रफीत कोणती दिसावी हे अभ्यासक्रम ठरवत नाही, पाहणारा जास्तीत जास्त वेळ थांबावा म्हणून बांधलेले गणित ठरवते. त्रिकोणमितीनंतर समोर येते ती त्रिकोणमितीचीच पुढची पायरी असेल असे नाही. ‘दहा मिनिटांत पूर्ण धडा’ असेल किंवा क्रिकेटची रील असेल. फुकट धड्यांच्या शेवटी सशुल्क बॅचची जाहिरात येते, हेही या व्यवस्थेचे अंग आहे.

शिक्षकांनी शिक्षकांसाठी केलेला वापर त्यामानाने दुर्लक्षित राहिला. जिल्हा परिषदेच्या शाळांतील शिक्षकांचे व्हॉट्सॲप ग्रुप म्हणजे परिपत्रके, शैक्षणिक साहित्य, कृतिपत्रिका आणि कुरबुरी यांचा अखंड ओघ. माढा तालुक्यातील परितेवाडीचे रणजितसिंह डिसले यांना २०२० चा जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला तो पाठ्यपुस्तकांत क्यूआर कोड घालण्याच्या कामासाठी. छापील पान आणि पडदा यांना जोडणारी ही कल्पना पुढे राज्याच्या पुस्तकांत सगळीकडे दिसू लागली. तिची किमया अशी की पुस्तकाचा क्रम तिने मोडला नाही.

मार्च २०२० मधील करोनाच्या टाळेबंदीनंतर हे सारे प्रयोग एका झटक्यात सक्तीचे झाले. ‘असर’ या शैक्षणिक अहवालाच्या २०२० च्या ग्रामीण पाहणीत शाळेत जाणाऱ्या मुलांपैकी ज्यांच्या घरी स्मार्टफोन होता त्यांचे प्रमाण २०१८ मधील ३६.५ टक्क्यांवरून ६१.८ टक्क्यांवर गेलेले आढळले, पण पाहणीच्या आठवड्यात शाळेकडून काही अभ्याससाहित्य मिळालेली मुले सुमारे एक तृतीयांशच होती आणि ते प्रामुख्याने व्हॉट्सॲपवरून आले होते. महाराष्ट्रात सह्याद्री वाहिनीवर ‘टिलीमिली’ सुरू झाली, नागपूर आकाशवाणीवरून ‘शाळेबाहेरची शाळा’ भरली. फोन बाबांबरोबर शेतावर किंवा कामावर जाई आणि गृहपाठ रात्री होई. २०२४ च्या ‘असर’मध्ये १४ ते १६ वयोगटातील ८२ टक्के मुलांना स्मार्टफोन वापरता येत होता, आधीच्या आठवड्यात ५७ टक्क्यांनी तो अभ्यासासाठी आणि ७६ टक्क्यांनी समाजमाध्यमांसाठी वापरला होता. फोन वापरता येणाऱ्यांत स्वतःचा फोन असलेले मुलगे सुमारे ३६ टक्के, मुली सुमारे २७ टक्के. भावाचा फोन मागून घेऊन शिकणाऱ्या मुलीला ‘कधीही, कुठेही’ या घोषणेचा उपयोग किती, हे या आकड्यांवरून कळते.

विषय आज निकडीचा होण्याची कारणे यातच आहेत. राष्ट्रीय शिक्षण धोरणाने ऑनलाइन श्रेयांकांना पदवीच्या चौकटीत आणले आहे, तेव्हा महाविद्यालयांना हा पर्याय टाळता येणार नाही. दुसरीकडे ऑस्ट्रेलियाने १६ वर्षांखालील मुलांची समाजमाध्यमांवरील खाती डिसेंबर २०२५ पासून बंद केली आणि भारताच्या २०२३ च्या विदा संरक्षण कायद्याने १८ वर्षांखालील व्यक्तीच्या माहितीसाठी पालकांची संमती आवश्यक ठरवली. एकाच फोनवर राज्यसंस्था एका हाताने वर्ग भरवू पाहते आणि दुसऱ्या हाताने तो काढून घेऊ पाहते. दोन्ही बाजूंकडे सबळ कारणे आहेत. घरातल्या पंधरा वर्षांच्या मुलाला मात्र त्यांतून एकच उत्तर द्यावे लागते.

या पुस्तकात साधनांची माहितीपुस्तिका शोधणाऱ्याची निराशा होईल. कोणते ॲप चांगले, चॅनेल कसा काढावा, यांची उत्तरे छापून होईपर्यंत जुनी होतात. इथे प्रयत्न आहे तो शिकण्याच्या घडणीकडे पाहण्याचा: धडा कोण रचतो, चूक कोण दाखवतो, अडल्यावर कोणाला विचारायचे, शिकल्याची साक्ष कोण देतो आणि या प्रत्येक कामाचे पैसे कुठून येतात. हे पाच प्रश्न टपालाच्या पाकिटाला, दूरदर्शनच्या मालिकेला, ‘स्वयम’ला आणि इन्स्टाग्रामच्या रीलला सारखेच लावले आहेत, त्यामुळे नव्याची तुलना जुन्याशी करता येते. उदाहरणे शक्य तिथे महाराष्ट्रातील घेतली आहेत, सिद्धान्त मात्र जिथे जन्मले तिथल्या संदर्भासह दिले आहेत. शिक्षक, शिक्षणशास्त्राचे विद्यार्थी आणि पालक हे अपेक्षित वाचक. संगणकाचे पूर्वज्ञान गृहीत धरलेले नाही.

दोन विषय जाणीवपूर्वक मर्यादित ठेवले आहेत. शिकवणीवर्गांच्या उद्योगाचे अर्थकारण स्वतंत्र ग्रंथाचा विषय आहे आणि तो इथे संदर्भापुरताच येतो. नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी आल्यापासून प्रश्नाला तत्काळ उत्तर देणारा, न कंटाळणारा सोबती विद्यार्थ्याला मिळाल्याचे सांगितले जाते. स्वाध्याय तपासण्याची आणि शिकल्याची साक्ष देण्याची रीत त्याने मुळापासून हलवली आहे. त्यावरचे दीर्घकालीन पुरावे अजून हाती यायचे असल्याने त्याची चर्चा मूल्यमापनाच्या प्रकरणापुरती केली आहे.